तीन सेंटिमीटर न कापल्याबद्दल: उत्तर इंडियानातील एका ट्यूबा-दुरुस्ती कार्यशाळेचा अनुभव

शिकागोच्या पश्चिम उपनगरातील एका हौशी कॉन्सर्ट बँडमध्ये मी सात वर्षे ट्यूबा, म्हणजे पितळी वाद्यांतले सर्वांत खालच्या सुराचे मोठे वाद्य, वाजवते. वाद्य वापरलेले घेतले आहे. ते डबल बी फ्लॅट जातीचे, म्हणजे बी फ्लॅट हा मूळ स्वर असलेले, असून त्याला चार पिस्टन व्हॉल्व्ह, म्हणजे दाबल्यावर जादा नळी जोडणाऱ्या कळा, आहेत आणि कोणताही व्हॉल्व्ह न दाबता हवा जिच्यातून जाते ती नळी साधारण साडेपाच मीटर लांब आहे. आवाज भरदार आहे, किंमत परवडण्याजोगी होती, पण चार-पाच स्वर असे कणसूर की त्यांच्यावर रचना थांबली की निर्देशकांची नजर हमखास मागच्या रांगेकडे वळत असे. या स्वरांच्या दुरुस्तीसाठी मी दोन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणचे नाव सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या ठिकाणच्या कारागिरांनी आपले नाव छापू नये असे सांगितले आहे, कारण त्यांच्याकडे आधीच काही महिन्यांचे काम पडून आहे. ती कार्यशाळा उत्तर इंडियानात एल्कहार्टच्या परिसरात आहे, आणि या भागात पितळी वाद्ये बनवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आल्यामुळे तिथे चौकशी केल्यास पत्ता मिळणे अवघड नाही.

पहिल्या दुकानाची हकिकत थोडक्यात सांगते. जानेवारीतल्या एका सकाळी गॅरेजमध्ये रात्रभर राहिलेला ट्यूबा मी गाडीतून थेट दुकानात नेला. तेथील गृहस्थांनी मला दोन स्वर वाजवायला लावले, ट्यूनरकडे, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राकडे, पाहिले आणि वाद्य पंचवीस सेंटनी उतरलेले आहे असा निर्णय दिला. सेंट म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग, तेव्हा पंचवीस सेंट म्हणजे पाव पट्टी झाली, आणि ही तक्रार किरकोळ नव्हे. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा की मुख्य ट्यूनिंग स्लाइडचे, म्हणजे सूर जुळवण्यासाठी आतबाहेर सरकणाऱ्या वळणदार नळीचे, दोन्ही पाय तीन तीन सेंटिमीटर कापायचे, म्हणजे वाद्य कायमचे वर येईल. त्या दिवशी मी काम न देता परतले ते शहाणपणामुळे नव्हे, तर चेकबुक घरी राहिले होते म्हणून.

दुसऱ्या कार्यशाळेत वाद्य आधी चार तास नुसते ठेवून घेण्यात आले. खोलीचे तापमान वीस अंश सेल्सियस होते, आणि वाद्याचे पितळ व आतली हवा त्या तापमानाला आल्याशिवाय मोजमाप करायचे नाही हा तिथला पहिला नियम आहे. त्यामागचे कारण शाळेच्या भौतिकशास्त्राइतके साधे आहे. वीस अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर असतो आणि तापमान एक अंशाने वाढले की तो सुमारे 0.6 मीटरने वाढतो. नळीची लांबी मात्र तीच राहते, त्यामुळे नळीतल्या हवेच्या दर अंशामागे सूर जवळजवळ तीन सेंटनी चढतो. बासरी किंवा ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या श्वासाने वाद्य लवकर गरम होते. ट्यूबाच्या पोटात एवढी हवा मावते आणि त्याचा भोंगा एवढा उघडा असतो की तो बराच वेळ आजूबाजूच्या हवेचेच ऐकतो. जानेवारीतल्या माझ्या पंचवीस सेंटपैकी बहुतेक गॅरेजमधल्या थंडीचे होते, हे चार तासांनंतर ट्यूनरने दाखवले: वाद्य अवघे चार सेंट खाली होते.

मोजमापाची पद्धत मला सर्वांत आवडली, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. ट्यूनर माझ्या पाठीमागे ठेवला होता, त्याची सुई मला दिसत नव्हती, आणि कारागीर स्वतः वहीत आकडे टिपत होते. प्रत्येक स्वर मी तीन वेळा वाजवला, हळू, मध्यम आणि मोठ्याने. दोन स्वरांच्या मध्ये त्यांनी मला माउथपीस ओठांपासून काढायला लावले. सुई दिसत असली की वाजवणारा न कळत ओठ आवळतो किंवा सैल सोडतो आणि सुईला मध्यावर आणतो, त्यामुळे आकडा वाद्याचा येत नाही, वाजवणाऱ्याच्या सौजन्याचा येतो. घरी मी दोन वर्षे ट्यूनर समोर ठेवून जो तक्ता बनवला होता तो त्यांनी न बघताच बाजूला ठेवला, आणि नंतर दोन्ही तक्ते ताडून पाहिल्यावर मला त्याचे वाईट वाटले नाही.

आलेले आकडे समजावून घेण्यासाठी मला सरगमचा आधार घ्यावा लागला, आणि मराठी वाचकांनाही तो सोयीचा पडेल. बी फ्लॅटला सा मानले तर व्हॉल्व्ह न दाबता या नळीतून मिळणारे स्वर म्हणजे त्या सा चे स्वयंभू, म्हणजे त्याच्या कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींचे स्वर: दुसरा सा, तिसरा पंचम, चौथा पुन्हा सा, पाचवा गंधार, सहावा पंचम, सातवा एक उतरलेला कोमल निषाद आणि आठवा सा. माझे बालपण मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या वस्तीजवळ गेले, त्यामुळे स्वयंभू गंधार म्हणजे काय हे मला ट्यूबाच्या कितीतरी आधी माहीत होते. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला जो गंधार ऐकू येतो, तोच हा पाचवा स्वयंभू. तो पेटीच्या गंधारापेक्षा चौदा सेंटनी खाली असतो. तिसरा आणि सहावा स्वयंभू मात्र पेटीच्या पंचमापेक्षा फक्त दोन सेंट वर असतात, आणि सातवा एकतीस सेंट खाली असल्याने त्याच्या वाटेला कोणी जात नाही.

व्हॉल्व्हची अडचण वेगळी आहे आणि ती निव्वळ गणिताची आहे. दुसरा व्हॉल्व्ह अर्ध्या स्वराएवढी नळी जोडतो, म्हणजे मूळ लांबीच्या सुमारे 5.9 टक्के, पहिला एका स्वराएवढी, 12.2 टक्के, तिसरा दीड स्वराएवढी, 18.9 टक्के. प्रत्येक नळी एकटी वापरली की बरोबर असते. परंतु पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की नळी 31.2 टक्क्यांनी वाढते, आणि अडीच स्वर खाली जायला मात्र 33.5 टक्के लागतात, कारण टक्केवारी आता लांब झालेल्या नळीची काढायला हवी होती. परिणामी तो स्वर तीस सेंट चढा लागतो, आणि तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबले तर चढ पन्नास सेंटच्या पुढे जातो. चौथा व्हॉल्व्ह मुख्यतः यासाठीच असतो: तो एकटाच अडीच स्वर खाली नेतो, त्यामुळे पहिला-तिसरा ही जोडी टाळता येते. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ब्लेकली यांनी लंडनमध्ये जी भरपाईची रचना केली, जिच्यात चौथा दाबल्यावर हवा उरलेल्या व्हॉल्व्हमधून पुन्हा फिरून जास्तीची नळी घेते, ती ब्रिटिश ब्रास बँडच्या वाद्यांत आजही आढळते. माझ्या वाद्यात ती नाही.

आता माझ्या वाद्याचा तक्ता. खालच्या सप्तकातला रिषभ पहिल्या-तिसऱ्यावर 27 सेंट चढा होता, चौथ्यावर 3. त्याखालचा कोमल रिषभ दुसऱ्या-चौथ्यावर 22 चढा. वरचा पंचम, म्हणजे सहावा स्वयंभू, 22 चढा, आणि त्याच स्वयंभूवरून पहिल्या व्हॉल्व्हने उतरून मिळणारा मध्यम 19 चढा. पाचवा गंधार 18 उतरलेला. तिसरा पंचम मात्र सगळ्यांत विचित्र होता: ट्यूनरवर तो कधी पाच वर, कधी आठ खाली दिसे, आणि वाजवताना त्याच्या मध्यावर ओठ टेकायला जागाच सापडत नसे.

तिसऱ्या पंचमाचे निदान करायला त्यांना दोन मिनिटे लागली. त्यांनी मळलेल्या मेणाचा एक गोळा घेऊन मुख्य स्लाइडजवळच्या पाणी सोडण्याच्या झडपेवर दाबून बसवला आणि मला पुन्हा वाजवायला सांगितले. स्वर खुंटीला बांधल्यासारखा उभा राहिला. झडपेचा बूच झिजला होता आणि तिथून अगदी बारीक हवा सुटत होती. एवढ्याशा गळतीने एकच स्वर का बिघडावा, बाकीचे का नाही, याचे स्पष्टीकरण असे की प्रत्येक स्वराच्या वेळी नळीत ठरावीक जागी हवेचा दाब सर्वांत जास्त हेलकावतो आणि ठरावीक जागी तो जवळजवळ स्थिर असतो. भोक स्थिर जागी पडले तर त्या स्वराला पत्ताच लागत नाही. हेलकाव्याच्या जागी पडले तर तो स्वर कोलमडतो. दोन वर्षे मी हा स्वर ओठांच्या व्यायामाने सुधारू पाहत होते. नव्या बुचाला दोन डॉलर पडले.

त्यानंतर व्हॉल्व्हची जुळणी. पिस्टन खाली दाबल्यावर आणि वर सोडल्यावर तो नेमका कुठे थांबतो हे त्याच्या वरच्या-खालच्या फेल्ट चकत्या ठरवतात, आणि वीस वर्षांच्या माराने त्या चपट्या होतात. दुर्बिणीसारख्या बारीक कॅमेऱ्याने त्यांनी मला आतले दाखवले: दुसऱ्या पिस्टनची भोके नळीच्या तोंडापासून जवळजवळ दीड मिलिमीटर खाली सरकली होती, म्हणजे हवेच्या वाटेत दर वेळी चंद्रकोरीसारखी एक पायरी उभी राहत होती. नव्या, कमी दबणाऱ्या चकत्या मापाने कापून घातल्या. यामुळे सूर किती सुधारला हे आकड्यांत फारसे दिसले नाही, पण स्वर लवकर बोलू लागले.

वरच्या पंचमाचा दोष दोन ठिकाणी विभागलेला निघाला. माझा माउथपीस युरोपीय मापाच्या जाड दांड्याचा होता आणि वाद्याचे तोंड अमेरिकन मापाचे, त्यामुळे तो पूर्ण आत बसत नव्हता; सुरुवातीच्या नळीवर अंगठ्याएवढा एक खळगाही होता. कारागिरांचा सिद्धांत असा की माउथपीसजवळची अरुंद नळी ही सुईच्या नेढ्यासारखी असते, तिथला लहान बदलही वरच्या स्वरांना जाणवतो, आणि खळगा कुठे पडला आहे यावर तो एखादा स्वर चढवतो तर दुसरा उतरवतो. तो खळगा त्यांनी आतून पोलादी गोळा फिरवून काढला. तळाच्या मोठ्या वळणावरचा, दिसायला सर्वांत कुरूप असलेला पोचा मात्र त्यांनी तसाच ठेवला, कारण एवढ्या रुंद नळीत तो सुराच्या कामात आड येत नाही आणि तो काढायचे पैसे मी केवळ शोभेसाठी देईन. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराने हा पोचा पाहून हात आवरला असता असे मला वाटत नाही. योग्य मापाच्या दांड्याचा, खोल नरसाळ्यासारखा माउथपीस त्यांनी आठवडाभर वापरायला दिला, विकण्याची घाई न करता. या दोन्ही गोष्टींनंतर वरचा पंचम बावीसवरून नऊ सेंटवर आला.

उरलेले काम स्लाइडचे होते आणि तिथेच त्यांचे खरे कौशल्य दिसले. माझ्या वाद्याच्या पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड वरच्या बाजूला, डाव्या हाताच्या टप्प्यात आहे, पण ती इतकी घट्ट होती की ती हलवायला दोन्ही हात लागत. तिचे पाय त्यांनी बारीक लेपाने घासून असे गुळगुळीत केले की आता ती वाजवताना दोन बोटांनी वरखाली होते. पहिल्या पिस्टनमध्ये सुईएवढे एक भोकही पाडले, म्हणजे व्हॉल्व्ह दाबलेला नसतानाही स्लाइड ओढली तर आत पोकळी होऊन फट्ट असा आवाज येत नाही. वरचा मध्यम आता स्लाइड दीड सेंटिमीटर ओढून जागेवर येतो. चौथ्याची स्लाइड दोन सेंटिमीटर ओढून कायमची ठेवली. त्यामुळे रिषभ तीन चढा होता तो सहा उतरला, कोमल रिषभ बावीसचा तेरा झाला, आणि दोघांनाही ओठाने सांभाळण्याएवढ्या अंतरावर आणले गेले. ही तडजोड आहे आणि त्यांनी ती तडजोड म्हणूनच सांगितली. चार व्हॉल्व्हच्या साध्या ट्यूबात कोमल रिषभ पूर्णपणे निर्दोष करून देतो असे जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

राहिला गंधार. दुरुस्तीनंतर तो अठराऐवजी चौदा सेंट उतरलेला लागू लागला आणि तिथेच राहिला. मी त्याबद्दल आग्रहाने विचारले, तेव्हा त्यांनी संगणकावरून बी फ्लॅट आणि एफ, म्हणजे माझा सा आणि पंचम, यांचा अखंड आधार लावला आणि मला त्यावर तो गंधार तसाच, व्हॉल्व्ह न दाबता वाजवायला सांगितला. खोलीत तंबोरा लागला. ज्या स्वराला मी सात वर्षे शिव्या देत होते तो षड्ज-पंचमात असा विरघळला की मला मिरजेतल्या वाड्यांची आठवण झाली, आणि हे मी त्या अमेरिकन गृहस्थांना समजावून सांगू शकले नाही. मग त्यांनी आधार बदलून डी आणि ए लावले, म्हणजे त्या गंधारालाच सा केले. तोच स्वर, तीच चौदा सेंट, आणि आता तो सरळसरळ उतरलेला. त्यांचा सल्ला असा की बी फ्लॅटच्या स्वरमेळात गंधार म्हणून तो येईल तेव्हा व्हॉल्व्ह दाबू नका, आणि डी हाच आधारस्वर असेल तेव्हा एकटा तिसरा व्हॉल्व्ह दाबा, म्हणजे तो सहाव्या स्वयंभूवरून दीड स्वर उतरून येतो आणि जवळजवळ तंतोतंत लागतो. पहिला-दुसरा ही नेहमीची पर्यायी बोटे माझ्या वाद्यावर तिथे बरीच चढतात, म्हणून ती वापरू नयेत. तेव्हापासून मी माझ्या स्वरलिपीत पेन्सिलीने तिथे बोटांचे आकडे लिहिते, आणि ते लिहिण्यासाठी आधी बाकीचे वादक त्या क्षणी काय वाजवत आहेत हे मला पाहावे लागते. ही सवय मला कोणत्याही शिक्षकाने लावली नव्हती.

कार्यशाळेचे दोषही सांगितले पाहिजेत. दूरध्वनी उचलला जात नाही; ईमेलला उत्तर येते, पण आठवड्याने. माझ्या घरापासून अडीच तासांचा प्रवास आहे आणि वाद्य दोनदा न्यावे लागले. काम तीन आठवड्यांत होईल असे सांगितले होते, त्याला सात लागले, आणि या काळात वापरायला दुसरे वाद्य दिले जात नाही, त्यामुळे वसंतातला एक कार्यक्रम मी उसन्या सूझाफोनवर, म्हणजे अंगाभोवती घालून वाजवायच्या ट्यूबावर, काढला. पैसे फक्त रोख किंवा चेकने घेतात. एकूण बिल 610 डॉलर झाले, त्यात निम्म्याहून अधिक तासांची मजुरी आहे. मोजमापाचे दीड तास वेगळे लावलेले आहेत, आणि काही ग्राहकांना ते खटकते असे मी तिथेच ऐकले. मला ते खटकले नाही. मोजमाप फुकट करणाऱ्याला पोट भरण्यासाठी काहीतरी कापावेच लागते. ज्यांना चकाकी हवी आहे, लाखेचा नवा लेप हवा आहे, त्यांनी मात्र इथे जाऊ नये. माझा ट्यूबा गेला तेव्हा होता तितकाच मळकट परत आला. नवशिक्यांनीही घाई करू नये, कारण तिन्ही वेळा एकच स्वर निरनिराळ्या उंचीवर वाजत असेल तर तक्ता भरूनही त्यातून काही निष्पन्न होत नाही, आणि असे झाल्यास ते गृहस्थ सरळ सहा महिन्यांनी यायला सांगतात. माझ्यासमोर एका तरुणाला त्यांनी तसे परत पाठवले.

जुलैत आमचा बँड उद्यानात वाजवतो. या वर्षी संध्याकाळी सात वाजताही पारा बत्तीसवर होता आणि ट्यूबा दुपारपासून सावलीत असला तरी हाताला गरम लागत होता. सुरुवातीच्या मिळवणीत मी तीसएक सेंट चढी होते. मुख्य स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की दोन्ही पाय मिळून नळी दोन सेंटिमीटर लांबते आणि सूर साधारण सहा सेंट उतरतो, या हिशेबाने मी ती पाच सेंटिमीटर ओढली आणि सनईच्या घराण्यातल्या ओबोने दिलेल्या सुरात जाऊन बसले. त्या स्लाइडचे पाय आठ सेंटिमीटरचे आहेत. जानेवारीत ते तीन सेंटिमीटरनी कापले असते तर पाच उरले असते, आणि त्या संध्याकाळी तोच सूर गाठायला मला आठ ओढावे लागले असते, म्हणजे स्लाइड हातातच आली असती.